खारपाणपट्टा

खारपाणपट्टा : पश्चिम विदर्भातील पूर्णा नदीच्या गाळमैदानाचा, भूजल बहुतांशी खारट असलेला प्रदेश. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत तो पसरला असून दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद इ. तालुके पूर्णतः वा अंशतः त्यात मोडतात. क्षेत्रफळ सर्वसाधारणपणे ४,७०० चौ. किमी.च्या आसपास दिले जाते, पण तो आकडा ढोबळच मानावा. एकाच शिवारात गोडी विहीर आणि खारी विहीर शेजारी-शेजारी असू शकतात आणि भाद्रपदात गोड लागणारे पाणी चैत्रापर्यंत मचूळ होते.

पूर्णा सातपुड्याच्या गाविलगड रांगेत उगम पावते व पश्चिमेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते (गोदावरीला मिळणारी मराठवाड्यातील पूर्णा वेगळी). खोऱ्याच्या उत्तर कडेला सातपुड्याच्या पायथ्याने मोठा प्रस्तरभंग (खडकातील भेग, जिच्या एका बाजूचा भाग सरकतो) गेला आहे. त्याच्या दक्षिणेचा खडक खचत गेला आणि त्या खोलगटात बेसाल्टवर गाळाचे थर साचत गेले. त्यांची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक आहे. पायथ्यालगत दगडगोटे व जाड वाळू असल्याने पावसाचे व ओढ्यांचे पाणी तेथे चटकन मुरते आणि भूजल गोडे राहते. नदीकडे उतरत जावे तसा गाळ बारीक होतो. चिकणमाती व चुनखडीचे कंकर वाढतात, पाण्याची भूमिगत वाट मंदावते आणि खारटपणा चढतो.

हा क्षार आला कोठून, याविषयी दीडशे वर्षांपासून चर्चा आहे. पूर्वी येथे मीठ तयार होई. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात शंभर फुटांहून खोल विहिरी खणून रेताड थरातील खारे पाणी उपसत आणि ते उन्हात आटवत. वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आल्यावर हा व्यवसाय बंद पाडण्यात आला. पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वऱ्हाडाने याच दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला. मिठाच्या या विहिरींमुळे एके काळी समुद्राचा फाटा तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून आत आला असावा, अशी कल्पना रूढ झाली व ती आजही गावोगाव सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी मात्र सावध भूमिका घेतली : या गाळात सागरी जीवाश्म सापडलेले नाहीत आणि भारतातील इतर गाळमैदानांतही क्षार आढळतात, तेव्हा केवळ मिठावरून समुद्र सिद्ध होत नाही. दुसरे मत, खचलेल्या खोऱ्यात निचरा नसलेली सरोवरे वा दलदली होत्या व त्या आटताना क्षार गाळातच कोंडले गेले, असे आहे. तिसऱ्या मतानुसार क्षार बाहेरून आलेलेच नाहीत. खडक झिजताना सुटलेले सोडियमादी घटक निमशुष्क हवामानात, बाष्पीभवन जास्त व निचरा कमी अशा चिकण गाळात हजारो वर्षे साठत गेले. भूजलातील क्षारांचे पायथ्याकडून नदीकडे क्रमाने वाढत जाणे दुसऱ्या व तिसऱ्या मताशी अधिक जुळते. ही दोन मते परस्परविरोधीही नाहीत. सागरी उपपत्तीला त्या मानाने आधार तोकडा आहे.

पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिग्रॅ.पर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिग्रॅ.पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. पट्ट्यातील अनेक विहिरी व बोअर ही वरची मर्यादाही ओलांडतात. असे पाणी भरलेल्या माठाच्या बाहेरच्या अंगावर थोड्याच दिवसांत पांढरी पापडी धरते. ती खरवडली तर जिभेला खारट लागते. पाणी दुष्फेनही (जड) असेल तर तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने ते वाढतात. ब्लिचिंग पावडरने जंतू मरतात, क्षारावर तिचा परिणाम नाही. मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण या भागात, विशेषतः बुलढाणा व अकोला जिल्ह्यांत, मोठ्या संख्येने आढळतात. त्यांचा खाऱ्या पाण्याशी संबंध लावला जातो, पण नेमका कार्यकारणभाव निर्विवाद ठरलेला नाही.

भूगर्भातला क्षार काढून टाकता येत नाही. म्हणून येथे खरा प्रश्न आहे तो गोडे पाणी राखण्याचा. पावसाचे मुरलेले पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर पातळ थराने राहते. उपसा बेताचा ठेवला तर हा थर टिकतो. मोठ्या पंपाने ओढ घेतली की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते, मग ती सुधारायला कित्येक पावसाळे लागतात. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने बंदी घातली. या पट्ट्यात तिचे मोल इतर कोठल्याहीपेक्षा अधिक आहे, पण अंमल ढिला राहिला. पायथ्याच्या गोड्या भागातही संत्राबागांसाठी खोल बोअर वाढल्याने पातळी खालावते आहे.

नळयोजनांचा मुख्य आधार डोंगरातून येणाऱ्या नद्यांवरील धरणे आहेत. वान धरणावरील अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजना व काटेपूर्णेवरील ६४ खेडी योजना या त्यांतल्या परिचित. वानच्या पाण्यावरून सिंचन व पेयजल यांत तंटे झाले आहेत. पाण्यातील क्षार वेगळे काढणारी आरओ यंत्रे आता बहुतेक मोठ्या गावांत आहेत. त्यांतून वेगळे निघणारे तीव्र खारे पाणी नालीत सोडले जाते आणि ते जवळच्याच जमिनीत मुरते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

छपरावरच्या पाण्याचा विचार त्या मानाने मागे पडला, हे खेदाचे आहे. पट्ट्यात वर्षाला साधारण ७०० ते ८५० मिमी. पाऊस पडतो. ५० चौ. मी. टिनाच्या छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरूनही, २८,००० लिटर तरी पाणी हाती येते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले तर वर्षाची गरज १४,६०० लिटर होते. अडचण साठवणीची आहे : आठ कोरड्या महिन्यांसाठी सुमारे दहा हजार लिटरची झाकलेली टाकी लागते आणि तिचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी, छपरावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा धुऊन जावी म्हणून, टाकीत घेऊ नये.

शेतीच्या अंगाने पट्ट्याचा अभ्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात झाला आहे. खारे पाणी दिल्याने काळी जमीन घट्ट व चोपण (सोडियम साठून पाण्याचा निचरा न होणारी) होते, म्हणून कापूस, तूर, मूग, हरभरा ही पिके मुख्यतः पावसावर व शेततळ्यांच्या पाण्यावर घेतात.