‘हॉट’ म्हणजे गरम की तिखट?

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी पुढ्यात आली की परगावचा पाहुणा विचारतो, ‘इज इट हॉट?’ वाढपी सांगतो, ‘एकदम गरम साहेब, आत्ताच उतरवली.’ पाहुण्याला विचारायचं असतं तिखटाचं. पहिल्या घासाला तो समजायचं ते समजतो.

इंग्रजीला हा शब्द कुठेही चालतो. पाणी हॉट, बातमी हॉट, चोरीचा माल हॉट, विजेची फेजची तार हॉट. ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा गुरूएवढा ग्रह दिसला, तर खगोलशास्त्रज्ञ त्यालाही ‘हॉट ज्युपिटर’ म्हणतात. आपल्याकडे कोमट, ऊन, कढत यांची रांग वेगळी आणि तिखट, झणझणीत, जहाल यांची वेगळी. त्यावरून ‘इंग्रजीत शब्दच नाहीत’ असा शेरा आपण सहज मारतो. मिरचीपुरता तरी तो मागे घ्यावा लागेल. मिरची आपल्या नसांना खरोखरच गरम लागते. मराठीच्या विशेषणांनी हे लपवलं असलं तरी क्रियापदांना ते ठाऊक आहे. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’, ‘पोळतं’, तोंडाची ‘आग होते’.

मुळात तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शाची असते तशी चव) या चवी जिभेवरच्या स्वादकलिका ओळखतात. साखर डोळ्याला गोड लागत नाही, पण मिरचीचा हात डोळ्याला लागला तर काय होतं ते सांगायला नको. तिखटाची वर्दी चटका आणि वेदना पोहोचवणाऱ्या नसा देतात, आणि त्या जिभेवर आहेत तशा डोळ्यात, नाकात, कातडीतही आहेत.

या नसांच्या टोकांवर काय घडतं याचा उलगडा १९९७ साली झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने उंदरांच्या संवेदी नसांमधली जनुकं घेतली आणि मिरचीला एरवी दाद न देणाऱ्या पेशींमध्ये गटागटाने घालून पाहिली. मिरचीतलं कॅप्सेसिन टाकल्यावर कोणत्या पेशीत कॅल्शियम घुसतं, एवढंच बघायचं होतं. गट लहान करत करत एकच जनुक उरलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला आज टीआरपीव्ही-१ म्हणतात. गंमत पुढे आहे. त्याच पेशी नुसत्या तापवल्या, तरी ४३ अंश सेल्सियसच्या आसपास हेच प्रथिन दरवाजासारखं उघडलं. चटका ओळखणारा दरवाजा आणि मिरची ओळखणारा दरवाजा एकच निघाला. ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

हा दरवाजा चार सारख्या तुकड्यांचा असतो. ते पेशीच्या पातळ, तेलकट आवरणात गोल उभे असतात आणि मधोमध बारीक वाट असते. तापमान वाढलं की तुकडे किंचित सरकतात, वाट उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, आत धावतात आणि नस मेंदूकडे संदेश धाडते. कॅप्सेसिन तेलात विरघळणारं असल्याने आवरणात सहज शिरतं, तुकड्यांच्या बाजूच्या खाचेत अडकतं आणि दरवाजा उघडा धरून ठेवतं. शिवाय त्याच्यामुळे दरवाजाचा उंबरा खाली येतो. ४३ अंशांची गरज राहत नाही, तोंडाचे ३७ अंशसुद्धा पुरतात. म्हणजे ठेच्याने तोंड भाजतं त्यात आपल्याच अंगाची ऊबही सामील असते. आंबटही हा उंबरा खाली आणतं. म्हणून लिंबू पिळलेला कढत रस्सा निवलेल्या रश्शापेक्षा जास्त झोंबतो, आणि शेवभाजीनंतरचा चहा नेहमीचाच असून पोळतो.

मग मे महिन्यात भुसावळचा पारा ४३ ओलांडतो, तेव्हा अंगभर मिरची का लागत नाही? कारण हवा ४३ अंश असली तरी घाम सुकताना कातडीला त्याखाली ठेवतो. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवा, तिथे घामाचं काही चालत नाही. उलट तिखटाने कपाळ आणि नाक घामाने डबडबतं, कारण मेंदूला खरोखर गरम झालंय असंच वाटतं.

कॅप्सेसिन तेलातलं, म्हणून भाजीचं तिखट तर्रीत जास्त असतं. भाजी जहाल झाली तर पाणी ओतून रस्सा वाढतो, तर्री मात्र तशीच तरंगते. दहा मिनिटं न ढवळता ठेवून वरचं तेल पळीने काढावं, मग दाण्याचं कूट घालावं. तोंडाची आग झाली तर गार पाण्याने घोट तोंडात असेपर्यंतच बरं वाटतं. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, त्यामुळे साय काढलेलं दूधही चालतं. भरिताच्या मिरच्यांचं तिखट कमी करायचं तर नुसत्या बिया काढून भागत नाही. कॅप्सेसिन बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत तयार होतं. बियांना ते लागलेलं असतं, एवढंच.

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर वाळत्या मिरच्या उलथताना ठसके लागतात, तेही याच दरवाजाचं काम. तो घशात आणि श्वासनलिकेतही आहे. दृष्ट काढताना चुलीत मिरच्या टाकतात आणि ठसका लागला नाही तर ‘नजर जबर होती’ म्हणतात. मिरची तव्यावर करपली की कॅप्सेसिन धुराबरोबर उडून घशात जातं. धगधगत्या निखाऱ्यावर तीच मिरची पेटली, तर त्यातलं बरंचसं जळून जातं. दार उघडं असेल तर उरलेला धूर बाहेर जातो. नजर जबर होती की निखारा, हे तवा घेऊन कोणीही तपासावं. आपण पपईला ‘उष्ण’ म्हणतो, त्या उष्णतेचा मात्र या दरवाजाशी काही संबंध नाही.

इंग्रजीचं गणित मोहरीपाशी थोडं चुकतं. राईला आणि मोहरीच्या चटणीलाही इंग्रज ‘हॉट’च म्हणतो, पण नाकात सणकणारा तो झटका बराचसा टीआरपीए-१ या दुसऱ्याच दरवाजाचा असतो. कच्चा लसूण दोन्ही दरवाजे ठोठावतो. पुदिन्यातल्या मेंथॉलसाठी आणखी एक आहे, टीआरपीएम-८. तो एरवी गारव्याला उघडतो, म्हणून पेपरमिंटची गोळी तोंडाच्याच तापमानाची असून थंड लागते.

मिरच्या चिरल्यावर बोटं झोंबत असतील तर गरम पाण्यात बुडवू नयेत, उष्णता त्याच दरवाजावर आणखी भर घालते. आधी चमचाभर गोडंतेल चोळावं, मग भांडी घासायच्या साबणाने गार पाण्यात धुवावं, आणि हेच पुन्हा एकदा करावं. नखांखाली राहिलेलं निघायला वेळ लागतो. डोळ्यातली लेन्स त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलेली बरी.