डबा मॉनिटरचं शिसं आणि फ्लॅट मॉनिटरचा पारा
जुने कॉम्प्युटर खोलणाऱ्या पोरांना विचारा यात विषारी काय असतं, बरेच जण डबा मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणतात "त्यात पारा असतो ना", आणि फ्लॅट स्क्रीन मात्र मांडीवर घेऊन बिनधास्त उचकटतात. आहे नेमकं उलटं. डब्यात शिसं, जुन्या फ्लॅटमध्ये पारा, आणि दोन्ही अंगात शिरतात वेगवेगळ्या वाटेने.

डबा म्हणजे पिक्चर ट्यूबवाला. कलर ट्यूबच्या समोरच्या काचेत शिसं जवळपास नसतंच, मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत साधारण 20-25 टक्के असतं आणि दोन काचांच्या सांध्यात त्याहूनही कितीतरी जास्त. काच अख्खी आहे तोवर ते कुठे जात नाही, मॉनिटर नुसता माळ्यावर पडलाय म्हणून घाबरू नका. घोळ होतो तांब्यापायी. ट्यूबच्या मागच्या मानेवर तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती काढायला हातोडी पडते, आत व्हॅक्युम असल्यामुळे फुस्स करून हवा शिरते, कधी अख्खी ट्यूबच फुटून काचा उडतात, मग ते तुकडे आणखी फोडायचे, झाडून गोळा करायचे, आणि त्याची बारीक धूळ उडत राहते. पडद्याच्या आतून खरवडून निघणारी पावडरही वाईटच, खूप जुन्या ट्यूबमध्ये तिच्यात कॅडमियम असायचं. तोच हात न धुता वडापाव खाल्ला की शिसं पोटात, आणि तोच शर्ट घालून घरी गेलं की घरात. लहान मुलांच्या अंगात ते मोठ्यांपेक्षा खूप जास्त शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. मला सगळ्यात जास्त हेच लागतं, त्या पोरांनी गाळ्यात कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नसतं.

आता फ्लॅट. सगळ्यात पारा नसतो. पडद्यामागे उजेडासाठी अगरबत्तीच्या काडीएवढी बारीक काचेची नळी दिसली, टोकाला वायरी, तर पारा आहे. पिवळ्या टिकल्यांची पट्टी दिसली तर ती एलईडी, तिथे पाऱ्याचं टेन्शन नाही. एका नळीत पारा जेमतेम 3 ते 5 मिलिग्रॅम, जुन्या थर्मामीटरात अर्धा-एक ग्रॅम असायचा, त्यामुळे एखादी नळी फुटली म्हणून कोणी मरत नाही. पण बंद गाळ्यात रोज दहा-वीस फुटल्या तर त्याची वाफ श्वासातून थेट फुप्फुसात जाते, तिला ना वास ना रंग.

म्हणूनच मास्कवर विसंबू नका. धुळीचा चांगला मास्क शिशाच्या धुळीला अडवतो, पाऱ्याची वाफ त्यातून आरामात जाते. झाडू मात्र दोन्हीकडे नको. शिशाच्या धुळीला ओलं फडकं, हात साबणाने धुणं आणि कामाचे कपडे वेगळे धुणं. नळी फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर, मग तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलायचे, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा आणि सगळं झाकणाच्या बरणीत. व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको, तो वाफ खोलीभर पसरवतो. अख्ख्या निघालेल्या नळ्या कागदात गुंडाळून खोक्यात आडव्या ठेवा आणि रजिस्टर्ड रिसायकलरकडे द्या, 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल तिकडेच जायला हवा.