लेकरू अजून बोलेना? आधी कान बघू

लातूरच्या आमच्या श्रवण व वाचा तपासणी केंद्रात येणाऱ्या आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत घरोघरी बोरन्हाण होतं आणि त्यानंतर आमच्याकडं विचारणा वाढते. गल्लीतली सगळी लेकरं एका चादरीवर बसलेली असतात. शेजारची पोर "आजी, बोल दे" म्हणते आणि त्याच वयाचं आपलं लेकरू नुसतं हात पुढं करून "अं, अं" करत राहतं. आईच्या पोटात गोळा येतो. घरी विषय काढला की आजी म्हणतात, "याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. येईल की हळूहळू."

आजींचं खोटं नसतं. उशिरा बोलायला लागून पुढं सगळ्यांच्या बरोबरीला आलेली लेकरं प्रत्येक गावात आहेत. पण त्यांच्याच रांगेत, दिसायला अगदी तशीच, काही लेकरं अशी असतात की त्यांना नीट ऐकू येत नाही. वरवर बघून या दोघांतला फरक आम्हालाही सांगता येत नाही. तपासणी केली की कळतो. हे माहितीपत्रक त्याचसाठी लिहिलं आहे.

शब्दाच्या आधी काय काय येतं

बोलणं पहिल्या शब्दापासून सुरू होतं असं आपण धरतो. खरं तर ते कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ तोंडाकडं बघून "आ…गू" करतं. सहा-सात महिन्यांपासून "बाबाबाबा", "ममममम", "दादादा" अशी ओळच लागते. हे बाबा म्हणजे वडील नव्हेत, जिभेची आणि ओठांची तालीम आहे. तरी वडिलांनी आनंद मानावा, कारण ही तालीम कानावर चालते. बाळ स्वतःचा आवाज ऐकतं, आवडला की पुन्हा काढतं. ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने आवाज काढतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण "बाबाबा"ची ही ओळ त्याच्या तोंडी उशिरा येते, किंवा सुरू झालेले आवाज कमी होत जातात.

नऊ महिन्यांच्या आसपास नावानं हाक मारली की मान वळते. वर्षाच्या सुमारास टाटा करणं, हात वर करून "घे" म्हणणं, चांदोमामाकडं बोट दाखवणं सुरू होतं. बोट दाखवून ते आपल्या तोंडाकडं बघतं, "तुला दिसलं का?" असं विचारल्यासारखं. हे एक बोट आम्हाला पाच शब्दांइतकं मोलाचं वाटतं. पहिला शब्दही याच सुमारास येतो, दोन-तीन महिने इकडंतिकडं.

शब्द कशाला म्हणायचं, इथंच बऱ्याच आयांचा हिशेब चुकतो. "एकही शब्द बोलत नाही" म्हणून दीड वर्षाचं लेकरू घेऊन येतात. आम्ही कागद घेऊन बसतो. गाय दिसली की काय करतो? "हम्मा म्हणतो." पाणी पाहिजे असलं की? "पापा." बाहेर जायचं म्हटलं की? "भुर्र." लागलं की? "बाऊ." असं करत सात-आठ निघतात आणि आईचा चेहरा तिथंच सैल होतो. उच्चार स्वच्छ असायची गरज नाही, मोठ्यांचाच शब्द असायची तर नाहीच. एकाच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज ठरवून काढला, की तो शब्द.

दीड वर्षाला असे दहा-वीस आणि दोन वर्षांना पन्नासेक शब्द, शिवाय "आई ये", "दूध नको" अशी दोन शब्दांची जोड, हा जुना सर्वसाधारण अंदाज. मोबाइलवर मात्र दुसराच तक्ता दिसतो आणि गोंधळ होतो. त्याचं कारण असं, की अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2022 मध्ये आपला तक्ता बदलला. आधीचे टप्पे निम्मी मुलं गाठतील असे होते, नवे टप्पे चारातली तीन मुलं गाठतात असे ठेवले. त्यात 15 महिन्यांना मामा-पापा सोडून एक-दोन शब्द, 18 महिन्यांना तीन किंवा जास्त, दोन वर्षांना दोन शब्दांची जोड आणि अडीच वर्षांना पन्नासेक शब्द. म्हणजे हा तक्ता सैल आहे. त्यातही लेकरू मागं पडत असेल तर "बघू पुढच्या दिवाळीला" असं म्हणू नका.

काही गोष्टींना तर एक महिनाही थांबू नये. वर्ष झालं तरी "बाबाबा" नाही, बोट दाखवणं किंवा टाटा नाही. 16 महिने झाले, एक शब्द नाही. दोन वर्षं झाली, दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर बघत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, आपल्याच नादात असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी बोलत होतं ते शब्द बंद झाले. हे कोणत्याही वयात झालं तरी मुलांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. आमच्याकडं नंतर आलात तरी चालेल.

"ऐकू येतं की, थाळी वाजवली की बघतो"

हे वाक्य आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. मागच्या वर्षी दोन वर्षांच्या एका पोराच्या वडिलांनी आमच्या समोरच पिशवीतून स्टीलची थाळी काढली, पोराच्या मागं उभं राहून चमचा मारला. पोरानं झटकन मान वळवली. वडिलांनी आमच्याकडं बघितलं, आता बोला अशा नजरेनं. मग आम्ही त्याच्या मागं बसून, तोंड न दाखवता, साध्या आवाजात त्याचं नाव घेतलं. तीनदा. पोरगं खेळण्यातली जीप फिरवत राहिलं.

आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबल असतो. थाळी, कुकरची शिट्टी, दार आपटणं, फटाका हे त्याच्या कितीतरी वरचे. अर्धवट ऐकू येणारं लेकरू हे सगळं ऐकतं. त्याला "आ", "ऊ" असे भारी आवाज कळतात, पण "स", "श", "त", "क" हे बारीक आवाज निसटतात. भाषा तर याच बारीक आवाजांवर उभी आहे. "साखर" त्याच्या कानाला नुसतं "आ-अ" पोचत असेल, तर ते म्हणणार तरी काय? शिवाय मागून येणाऱ्या माणसाची सावली पडते, फरशी हादरते, हवा लागते. लेकरं हुशार असतात, तेवढ्यावर वळून बघतात.

जगभरात हजार बाळांमागं साधारण एक ते तीन बाळं जन्मापासून कानानं अधू असतात. काही घरांत ही जोखीम जास्त असते. आपल्या मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. जवळच्या रक्तात लग्न झालं की आईवडील दोघांकडून एकच दोष बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि जन्मजात बहिरेपणा त्यात मोडतो. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. अशा घरातल्या बाळाचे कान वाट न पाहता तपासावेत, एवढंच म्हणणं आहे. बाळ पाच दिवसांहून जास्त काचेच्या पेटीत किंवा अतिदक्षता विभागात होतं, कावीळ रक्त बदलण्याइतकी वाढली होती, मेंदूज्वर झाला होता, आईला गरोदरपणात रुबेला झाला होता, घरात कुणी लहानपणापासून बहिरं आहे, यातलं काहीही असलं तरी तेच.

एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत कानाचं मशीन किंवा पुढचा उपचार, असा या क्षेत्रातला नियम आहे. आमच्याकडं येणारी बहुतेक लेकरं दोन-अडीच वर्षांची असतात. तेव्हाही खूप काही करता येतं, पण गेलेल्या दोन वर्षांत त्या मेंदूला भाषा मिळालेली नसते, याचं आम्हाला दर वेळी वाईट वाटतं.

जीभ, वेखंड आणि पोपटाचा पेरू

जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणून बोलत नाही, तो कापा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो पडदा खूपच आखूड असेल तर अंगावर पिताना अडचण येते, क्वचित एखादा उच्चार अडतो. पण त्यामुळं लेकरू मुळात बोलायलाच लागत नाही, असं होत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावल्यानं जीभ पोळते, शब्द येत नाही. पोपटासारखं बोलेल म्हणून पोपटाचं उष्टं फळ देऊ नका. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. कानात गरम तेल तर कधीच नको. पडदा फाटलेला असला तर तेल थेट आत जातं.

घरात दोन भाषा

निलंगा-उमरग्याकडं कानडी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, तांड्यावर गोरमाटी, कितीतरी घरांत दखनी. आई एक भाषा बोलते, अंगणवाडीत मराठी, टीव्हीवर हिंदी. "म्हणून गोंधळलाय का?" असं विचारतात. नाही. दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही. फक्त मोजताना दोन्हींतले शब्द एकत्र धरा. आईनं आपली भाषा सोडून मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलायला लागणं, यात लेकराचं नुकसान आहे. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, तीच बोला.

मोबाइलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, परगावच्या आजीला व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांना जास्तीत जास्त एक तास. तो पाळा. पण "मोबाइलमुळंच बोलत नाही" असं ठरवून, मोबाइल बंद करून सहा महिने वाट बघत बसणारे आईवडील आम्ही बघतो, आणि त्या सहा महिन्यांत कान तपासायचे राहून जातात. मोबाइल आजच बंद करा आणि तपासणीही याच आठवड्यात करा.

घरी करायचं ते अवघड नाही. भाकरी करताना लेकराला जवळ बसवा, पिठाचा छोटा गोळा हातात द्या. "पीठ. गोळा केला. थाप, थाप. आता तव्यावर टाकू. गरम!" जे करताय तेच, लहान वाक्यांत, त्याच्या तोंडाकडं बघत. त्यानं "हम्मा" म्हटलं की तुम्ही म्हणा, "हो, हम्मा आली. काळी हम्मा." आणि काही विचारलं की थांबा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. आपण फार लवकर स्वतःच उत्तर देऊन टाकतो. पाहुण्यांसमोर "काका म्हण, म्हण की" असा आग्रह मात्र करू नका. लेकरू लाजतं आणि पुढच्या वेळी तोंड मिटून घेतं.

बोबडेपणाची फार काळजी नको. "काका"चं "ताता" तीन वर्षांपर्यंत चालतं, "र" नीट यायला त्याहून वेळ लागतो. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला बरंचसं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं समजलं पाहिजे.

तपासणीला येताना

दोन मुख्य तपासण्या आहेत. ओएईमध्ये कानात मऊ बोंडकं ठेवून आतल्या भागाचा प्रतिसाद घेतात, बाळ शांत असेल तर काही मिनिटांत होते. बेरामध्ये कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवून, आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. दोन्हींत सुई नाही, दुखत नाही. पेटीत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाची ओएई चांगली आली तरी बेरा करून घ्या. अशा बाळांत कान ठीक पण नस अधू असं असू शकतं.

बेराला लेकरू गाढ झोपलेलं लागतं, आणि नेमकं इथंच बिघडतं. उदगीरहून किंवा अहमदपूरहून एसटीनं येताना लेकरू गाडीत झोपतं, स्टँडवर उतरलं की टक्क जागं. मग दुपारपर्यंत झोपत नाही आणि तुमचा खेटा वाया जातो. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत जागं ठेवा. दूध इथं आल्यावर पाजा. त्याचं नेहमीचं दुपटं आणा. डोक्याला, कपाळाला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. झोपेचं औषध घरून देऊन आणू नका. सर्दी असेल तर कानात पाणी साठून रिपोर्ट बिघडतो. फोन करा, तारीख पुढं देऊ.

सोबत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि लेकरू घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणा. इथं नवीन जागी ते गप्प होतं, घरचा व्हिडिओ आम्हाला जास्त सांगतो. रोज सांभाळणाऱ्या आजी येणार असतील तर फारच उत्तम.

आमची फी दाराशी लावलेली आहे. ती परवडत नसेल तर संकोच न करता सांगा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं ते मोफत पाठवतात, ऐकण्याचा आणि बोलण्याचा उशीर त्यांच्या यादीत आहे. कानाच्या मशीनसाठी आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र) केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिची कागदपत्रं आम्ही भरून देतो. तुम्ही कुठंही गेलात तरी तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. आमचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे.

उसाला जाणाऱ्या कुटुंबांना एक वेगळी विनंती. दिवाळीच्या सुमारास तुम्ही कारखान्याकडं निघता, अंगणवाडीत पथक येतं तेव्हा लेकरू तुमच्यासोबत कोपीवर, म्हणजे कारखान्याकडच्या झोपडीत असतं आणि त्याचं नाव यादीतून सुटतं. निघण्याआधी एक सकाळ काढून या. मशीन लागलं तर त्याचे सेल आणि साचा सोबत देऊ, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी आम्हीच फोन करून लेकराचा आवाज ऐकू.