चिपवर रक्त खरंच ‘गाळतात’ का?

2023 ला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची देशभर मोहीम सुरू झाली तेव्हापासून आमच्या गडचिरोलीकडे कोणी ना कोणी म्हणतंच, आता चिपवर, म्हणजे बारीक नाल्या कोरलेल्या छोट्या तुकड्यावर, रक्त गाळून टेस्ट होणार. या ‘गाळून’नं लय घोळ केलाय, म्हणून थोडं मागचं.

रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं सेंट्रीफ्यूज सोडून देऊ, ते पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सगळ्यांनी पाहिलंय. 1961 ला दिसलं होतं की नळीतून वाहणारे कण मध्यापासून साधारण 0.6 त्रिज्येवर गोल कडं करून चालतात. मग 1990 च्या सुमारास अख्खी तपासणी चिपवर आणायची कल्पना आली, पुढे साच्यात सिलिकॉन रबर ओतून केसाएवढ्या नाल्यांच्या चिपा स्वस्तात निघू लागल्या.

खरी गंमत 2004 ची. नालीत बारीक खांबांच्या रांगा, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा जराशी सरकवलेली. चाळणीत मोठं अडकतं नि बारीक खाली पडतं, इथे फट पेशीपेक्षा मोठी ठेवतात म्हणजे अडकायचा प्रश्नच नाही, लहान कण खांबांना वळसे घेत प्रवाहासोबत सरळ निघून जातो आणि मोठा कण खांबालगतच्या धारेत मावत नाही म्हणून दर खांबाला थोडा थोडा बाजूला ढकलला जातो. फट 10 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सरकवणूक दोन खांबांमधल्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याची असली तर लहान-मोठ्याची सीमा येते साधारण 4.6 मायक्रॉनवर, फटीच्या अर्ध्याहून कमी! याला गाळणं कसं म्हणायचं? धान उफणताना दाणा पायाशी पडतो, कोंडा वाऱ्यानं पुढे जातो, अडवत कोणी नाही, फक्त वाटा वेगळ्या होतात. आमचा एक मित्र म्हणतो उफणण्यात वजन लागते, इथे आकार. बरोबर आहे बापा त्याचं, पण ‘नियत पार्श्विक विस्थापन’ या त्याच्या पुस्तकी नावापेक्षा तर बरं ना.

त्यात आकाराचाही घोळच. लाल पेशी 8 मायक्रॉन रुंद पण जाडी दोनेक, चकती आडवी-उभी कशी वळली त्यावर ती ‘लहान’ ठरते का ‘मोठी’. पांढरी पेशी गोल, ती निमूट बाजूला जाते.

2007 ला दोन गोष्टी झाल्या. एवढ्या बारीक नालीत जडत्व काय करणार असं धरून चालायचे, पण जडत्वानंच होणारं 1961 चं ते कडं तिथे कामी आलं. आणि 78,000 खांबांना अँटीबॉडी (ठराविक पेशीलाच चिकटणारं प्रथिन) लावून रक्तातल्या कॅन्सरपेशी धरणारी चिप आली, तिथे मात्र खरंच अडकवतात, पण चिकटवून, फटीनं नाही. सरकवलेल्या खांबांच्या युक्तीनं 2016 पर्यंत गडी 20 नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रॉनच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या, कणांपर्यंत गेले. सिकलसेलमधे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी ताठरते, अरुंद नालीत ती वाकत नाही, म्हणून आमच्याकडे याची एवढी चर्चा.

2017 ला कागदी भिंगरीनं, दोऱ्यात ओवलेलं बटण फिरवतो ना आपण तशीच, दीड मिनिटात प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळा करून दाखवला. तिला वीज लागत नाही. चिप काडेपेटीएवढी, पण रक्तात चाळीस-पंचेचाळीस टक्के पेशीच म्हणून बहुतेक वेळा आधी पातळ करावं लागतं, नाही तर नाली तुंबते, आणि नालीत रक्त ढकलायला शेजारी ठेवलेला पंप प्लगवर चालतो.