फ्युएल पंप रिले (जुन्या गाडीतलं वायरिंग)

फ्युएल पंप रिले म्हणजे चावीच्या स्विचवर पंपाचा लोड न टाकता, थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत पंप मेकॅनिकल, इंजिनच तो चालवायचं, म्हणून रिले लागायचा नाही. आपल्याकडे साधारण २००० च्या आसपास एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत) रुळलं तसा तो घरोघरी आला.

रिले मुळात तारायंत्रातला. शोधाचं श्रेय बहुतेक जण जोसेफ हेन्रीला देतात (सुमारे १८३५), काही जण एडवर्ड डेव्हीला, कारण १८३८ चं पेटंट त्याचं. पण कमजोर करंटने दुसरं सर्किट चालवायची कल्पना हेन्रीकडे आधी दिसते, त्यामुळे त्याचंच पारडं जड वाटतं. नाव फ्रेंचमधून आलंय, दमलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जोडायचे, ते रिले.

पिनांचे नंबर जर्मन मानक डिन ७२५५२ प्रमाणे असतात. ३० ला बॅटरीचा प्लस, तोही बॅटरीजवळच फ्युज टाकून (बहुतेक वेळा १५ अँपिअर), ८७ वरून पंप, ८६ आणि ८५ ही कॉइलची टोकं (कॉइल म्हणजे आतला स्विच ओढणारी चुंबकाची गुंडाळी). साधी कॉइल उलटसुलट जोडली तरी चालते, पण आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ लाच प्लस द्यायचा. मधली पिन नीट बघा, ती ८७ए (रिले बंद असताना जोडलेली राहणारी) असेल आणि पंप तिच्यावर गेला तर चावी बंद असताना पंप चालू राहणार! पुण्यात नाना पेठेत रिले घेताना अंगावर छापलेली आकृती वाचूनच घ्यावा.

कॉइल थेट चावीवर जोडणं सोपं, पण अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो, म्हणून तसं करूच नये. इंजेक्शनच्या गाडीत कॉइलची अर्थिंग (मायनसची जोडणी) ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, देतो, चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद आणि मग इंजिन फिरत असेल तरच. कार्बोरेटरच्या गाडीत नंतर इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर ऑइल प्रेशर स्विचमधून कॉइल घेतात, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबतो; सेल्फ मारताना प्रेशर नसतं, म्हणून तेव्हा वेगळी फीड देऊन.

पुण्याच्या पावसाळ्यात होल्डरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, रिले टक् करतो पण पंप मंद. पंप ६ अँपिअर खेचत असेल आणि वाटेत ०.३ ओहम असेल तर १.८ व्होल्ट तिथेच खपतात, म्हणून व्होल्टेज मोजायचं ते पंप चालू असताना, पंपाच्याच प्लगवर.