फ्रीझरचा आकडा चढतो तेव्हा नक्की काय तापतं?

कोल्हापुरात पावसाळा लागला की फ्रीजच्या तक्रारी वाढतात. त्यातली एक ठरलेली: फ्रीझरचा आकडा मध्येच उणे १८ वरून उणे १० पर्यंत चढतो आणि तासाभरात परत उतरतो. आत रविवारचं मटण ठेवलेलं असलं की घरच्यांचा जीव वरखाली होतो. मेकॅनिकला फोन जातो आणि 'गॅस भरावा लागेल' असं ठरूनही जातं. गॅसवर पैसे घालण्याआधी तो आकडा कशाचा आहे, हे बघायला हवं.

दोन दारांच्या 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजमध्ये गारवा देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि पंखा तिच्यावरून हवा फिरवतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. २५ अंशांच्या बाष्पानं भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. उणे १८ अंशांना तेवढ्याच हवेत जेमतेम एक ग्रॅम मावतं. बाकीचं कॉइलच्या पात्यांवर हिम होऊन बसतं, उष्णता अडवतं आणि हवेची वाट बुजवतं. म्हणून दर काही तासांनी टायमर किंवा कंट्रोल बोर्ड कॉम्प्रेसर आणि पंखा थांबवून कॉइलजवळचा हीटर लावतो. हेच डीफ्रॉस्ट. वितळलेलं पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथं उडून जातं. कॉइल पुरेशी उबदार झाली की तिच्यावर बसवलेला बायमेटल (तापमानानुसार आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा सेन्सर हीटर बंद करतो.

या वेळात आतली हवा तापणारच. पण हवेत असतं किती? १०० लिटरच्या फ्रीझरमधली हवा भरते सुमारे १४० ग्रॅम. ती १० अंशांनी तापवायला १.४ किलोज्यूल उष्णता पुरते. पाच किलो गोठलेलं मटण मात्र एका अंशानं तापवायलाच साधारण १० किलोज्यूल लागतात. म्हणजे ज्या उष्णतेनं हवेचा आकडा १० अंशांनी उडी मारतो, तिच्यानं मटण एका अंशाच्या सातव्या हिश्श्याएवढंच हलतं. हीटरची आणखी थोडी उष्णता आत झिरपते, पण मालाचं तापमान संथच चढतं. फ्रीझर भरलेला असेल तर आणखी संथ.

तेव्हा थर्मामीटर हवेत टांगू नका. मटाराच्या दोन गोठलेल्या पिशव्यांमध्ये घट्ट दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवस नोंद करा. हवेचा आकडा ठरावीक काळानं चढून परत पहिल्या पातळीला येत असेल आणि पिशव्यांमधला जवळपास जागचा हलत नसेल, तर फ्रीज ठणठणीत आहे. टायमर जुन्या पद्धतीचा असेल तर लाईट गेली की तोही थांबतो. त्यामुळे चढाची वेळ सरकली तर घाबरू नये.

काळजी करायची ती चढ ओसरल्यावरचा सगळ्यात खालचा आकडाच रोज वर सरकू लागला तर. आज उणे १८, परवा उणे १४, मग उणे ९. दूध-भाजीच्या खालच्या कप्प्याला गारवा फ्रीझरमधूनच येतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा आधी कोमट होतो. आईस्क्रीम दाणेदार लागतं, कारण बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांवर जाऊन बसतात. अशा वेळी पॅनेल काढल्यावर कॉइल कशी दिसते यावर माझा सगळा भर आहे. ती सगळीकडून हिमानं माखलेली असेल तर डीफ्रॉस्ट होत नाही: हीटर जळालाय, फ्यूज उडालाय, बायमेटल जोडत नाही किंवा टायमर अडकलाय. सुरुवातीच्या वेटोळ्यांवरच हिम आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, तेव्हा गॅस कमी असल्याची शंका घ्यावी.

पॅनेल न उघडताही एक पारख होते. फ्रीज बंद करून, दारं उघडी ठेवून दिवसभर सगळा बर्फ वितळू द्या. परत लावल्यावर काही दिवस झकास चालून पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष डीफ्रॉस्टमध्येच असण्याची दाट शक्यता आहे. गॅस गळत असता तर बर्फ वितळवून फारसा फरक पडला नसता.

मेकॅनिक मल्टिमीटर लावून 'बायमेटल ओपन आहे', म्हणजे आतली जोडणी तुटलेली आहे, असं म्हणाला, तर तो पुरेसा गार असताना तपासला का, ते विचारा. खोलीच्या तापमानाला चांगला बायमेटलही ओपनच दिसतो. तो गारठल्यावर जोडतो. या एका गोष्टीपायी चांगले भाग उगाच बदलले जातात.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी जमत असेल तर बहुधा पाण्याची नळी तुंबलेली असते. प्लग काढून, मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी हळूहळू सोडलं की ती मोकळी होते. बर्फ सुरीनं मात्र कधीही टोकरू नका. कॉइलला भोक पडलं तर सगळा गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये असलेला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील आहे.