तुमच्या लॅबमधला सेंट्रिफ्यूज: किती जी, किती मिनिटे आणि बॅलन्स

ईएसआरच्या (लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते पाहणाऱ्या चाचणीच्या) नळीत लाल पेशी आपोआप खाली बसतात, पण तासाभरात काही मिलिमीटरच. कारण पेशींची घनता साधारण १.१० आणि प्लाझ्माची (रक्तातल्या द्रवाची) १.०२५, म्हणजे फरक अगदी थोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब जोरात गोल फिरवणाऱ्या मशिनमध्ये, प्रत्येक पेशीचे वजन हजार-दीड हजार पट झाल्यासारखे होते आणि तेच काम दहा मिनिटांत उरकते. ही पट म्हणजे ‘जी’.

डायलवर मात्र आरपीएम (मिनिटाला फेरे) असतात आणि घोळ इथेच होतो. दुसऱ्या लॅबमध्ये ३,००० ला लावतात म्हणून आपणही तेवढेच लावू नका. हिशेब असा:

जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएम × आरपीएम

३,००० आरपीएमला १० सेंमी त्रिज्येच्या मशिनमध्ये सुमारे १,००० जी मिळतात, १५ सेंमीच्या मशिनमध्ये १,५००. त्रिज्या मोजायची ती मधल्या दांड्याच्या केंद्रापासून ट्यूबच्या तळापर्यंत, बकेट (ट्यूब ठेवायचे भांडे) आडवी उचलून. एकदा मोजा आणि झाकणावर चिकटवून ठेवा.

जेलच्या ट्यूबला (यातले जेल पेशी आणि सीरमच्या मध्ये बसते) स्विंग-आउट रोटरमध्ये, म्हणजे बकेट फिरताना आडव्या होतात अशा फिरत्या भागात, १,००० ते १,३०० जी, १० मिनिटे. तिरक्या रोटरमध्ये १५. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबला १,५०० जी, १५ मिनिटे; प्लाझ्मात प्लेटलेट्स उरल्या तर तो नमुना गोठवल्यावर निकाल बिघडतात. लघवीला ४०० जी, ५ मिनिटे पुरेत, आणि ब्रेक बंद ठेवा, नाहीतर बसलेला गाळ पुन्हा उठतो. मिनिटे पूर्ण वेग आल्यापासून मोजा.

सीरमच्या (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाच्या) बहुतेक तक्रारींत मशिन निर्दोष असते. रक्त नीट गोठण्याआधीच ट्यूब फिरवलेली असते. किमान ३० मिनिटे उभी ठेवा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जास्त. घाई केली की सीरममध्ये फायब्रिनचे (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात आणि ॲनालायझरची सुई तुंबते. उलट, दोन तासांपलीकडे सीरम पेशींवरच राहू दिले तर ग्लुकोज घटते, पोटॅशियम वाढते. जेलची ट्यूब दुसऱ्यांदा फिरवू नका: जेलखाली अडकलेला द्रव वर येतो आणि पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते.

आता बॅलन्स. एका बाजूला २ मिली कमी असेल, तर १,५०० जीला तो फरक ३ किलो वजनाच्या ओढीएवढा होतो. बेअरिंग आणि दांडा जातो तो यानेच. समोरासमोर त्याच मापाची, तेवढीच भरलेली, तसेच टोपण असलेली ट्यूब हवी. आठ घरांच्या (ट्यूब ठेवायच्या जागांच्या) रोटरमध्ये तीन ट्यूब बॅलन्स होतच नाहीत. चौथी पाण्याची घाला. सहा किंवा बारा घरांत १२० अंशांवर तीन चालतात. स्विंग-आउटमध्ये चारही बकेट लावलेल्या हव्यात, रिकाम्या असल्या तरी. बकेट ज्यांवर झुलते त्या खिळींना अधूनमधून थोडे ग्रीस लावा. एकही बकेट अडून तिरकी राहिली, की मशिन थरथरते आणि जेलही तिरके बसते.

आत ट्यूब फुटल्याचा आवाज आला तर मशिन बंद करा, पण झाकण ३० मिनिटे उघडू नका. हवेत उडालेले रक्ताचे सूक्ष्म तुषार खाली बसू द्या. मग जाड हातमोजे घालून काचा चिमट्यानेच काढा. हायपोक्लोराइट (ब्लीच) ॲल्युमिनियमच्या रोटरला खाते. ते वापरलेच तर १० मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन, उलटे ठेवून वाळवा. खड्डे किंवा तडा दिसलेला रोटर पुन्हा लावू नका, दुरुस्तीच्या भानगडीतही पडू नका.

कार्बन ब्रशच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) मशिनमध्ये ठिणग्या दिसल्या, जळका वास आला किंवा वेग वरखाली होऊ लागला, की आधी ब्रश पाहा. बदलायचे तर दोन्ही एकदम.

मशिनच्या दुरुस्तीसाठी आम्हाला फोन करताना मॉडेल नंबर, रोटरची घरे आणि थरथर कोणत्या वेगाला सुरू होते एवढे सांगा. वेग घेताना थरथरून पुढे शांत होत असेल, तर आधी बॅलन्स तपासा. वेगासोबत थरथर वाढतच गेली तर मशिन लगेच थांबवा.